सर्व्हरच्या कोडमधून रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणे: गेट जाते, पोस्ट लटकते

काजवा

आमचं जुनं ॲप नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा) आणि त्यावरच्या एक्सप्रेस या फ्रेमवर्कवर आहे. त्यातला अहवालांचा भाग आता वेगळ्या सर्व्हरवर हलवलाय. हा नवा सर्व्हर अंतर्गत नेटवर्कमध्ये आहे, बाहेरून तिथे पोचता येत नाही. लॉगिन, सेशन, कोणाला काय दिसावं हे सगळं अजून जुन्या ॲपमध्येच आहे आणि काही काळ तिथेच राहील. म्हणजे ब्राउझरने जुन्याच पत्त्यावर रिक्वेस्ट करायची, जुन्या ॲपने परवानगी तपासायची आणि अहवालांची रिक्वेस्ट असेल तर ती नव्या सर्व्हरकडे पाठवून त्याचं उत्तर परत द्यायचं.

आधी रिडायरेक्ट करून पाहिलं. पत्ता तर बदललाच, शिवाय ३०२ (रिडायरेक्टचा उत्तर-कोड) नंतर फॉर्ममध्ये भरलेलं सगळं गायब. मग रिक्वेस्ट मध्यस्थासारखी पुढे पाठवणारी एचटीटीपी-प्रॉक्सी ही लायब्ररी लावली. गेट रिक्वेस्ट (नुसती माहिती मागणाऱ्या) व्यवस्थित जातात. पोस्ट (माहिती भरून पाठवणारी) मात्र लटकते. नव्या सर्व्हरच्या लॉगमध्ये रिक्वेस्ट सुरू झाल्याची नोंद दिसते, पुढे काहीच नाही, शेवटी टाइमआउट. तीच पोस्ट कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट करणारं साधन) थेट नव्या सर्व्हरला केली तर क्षणात उत्तर येतं. फायरवॉल तपासून झाली. आता कुठे बघू?

पारवा

लटकण्याचं कारण बाकीचे सांगतीलच, मी रिडायरेक्टपुरतं लिहितो. रिडायरेक्टमध्ये तुमचा सर्व्हर ब्राउझरला फक्त नवा पत्ता कळवतो. नवीन रिक्वेस्ट ब्राउझर स्वतः करतो. ३०२ आलं की ब्राउझर पोस्टचं गेट करतात, म्हणून बॉडी, म्हणजे रिक्वेस्टसोबतचा मजकूर, गेली. पद्धत आणि बॉडी दोन्ही टिकवायची तर ३०७, कायमचा बदल असेल तर ३०८. पण तुमचा नवा सर्व्हर ब्राउझरला दिसतच नाही, तेव्हा यातलं काहीच कामाचं नाही.

जावावाले इथे रिक्वेस्टडिस्पॅचरचं फॉरवर्ड सुचवतात आणि डॉटनेटवाले सर्व्हर.ट्रान्सफर. ती दोन्ही त्याच सर्व्हरच्या आतल्या आत एका पानाकडून दुसऱ्या पानाकडे काम सोपवतात, नेटवर्कवर काहीच जात नाही. दुसऱ्या मशीनकडे जायचं तर तुमच्या कोडलाच क्लायंट व्हावं लागतं.

उंबरठा

@काजवा, प्रॉक्सीच्या रूटच्या आधी बॉडी पार्सर लावलेला आहे का? एक्सप्रेसचा जेसन किंवा यूआरएल-एनकोडेड पार्सर सगळ्या ॲपला लावलेला असेल तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

रिक्वेस्टची बॉडी हा प्रवाह आहे, एकदाच वाचता येतो. पार्सरने तो शेवटपर्यंत वाचला आणि त्यातून एक ऑब्जेक्ट बनवून ठेवला. त्यानंतर प्रॉक्सीची पाळी येते. ती मूळ हेडर्स (रिक्वेस्टबद्दल माहिती देणाऱ्या ओळी) पुढे पाठवते. त्यात समजा कंटेंट-लेंग्थ (बॉडीची लांबी) ३४८ असं लिहिलेलं असतं. मग ती बॉडी ओतायला जाते, तर प्रवाह कोरडा. नवा सर्व्हर ३४८ बाइटची वाट बघत बसतो, तुमची प्रॉक्सी त्याच्या उत्तराची. गेटला बॉडी नसते म्हणून ती सुटते. कर्ल थेट जातो म्हणून तोही सुटतो.

उपाय: प्रॉक्सीचा रूट पार्सरच्या आधी लावा. सेशनची तपासणी कुकीवरून होते, तिला बॉडी लागत नाही, त्यामुळे ती प्रॉक्सीच्या आधीच राहू दे. अडचण येते ती सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली याची खूण) फॉर्मच्या एखाद्या फील्डमध्ये असेल तर. मग तपासणीसाठी बॉडी वाचावीच लागते. ते टोकन हेडरमधून पाठवायला लागा, पुढचं सगळं सोपं होतं.

दुसरा मार्ग म्हणजे पार्स झालेल्या ऑब्जेक्टपासून बॉडी पुन्हा तयार करणे. एचटीटीपी-प्रॉक्सी-मिडलवेअरमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. मला हा मार्ग आवडत नाही. पुन्हा बनवलेलं जेसन अर्थाने तेच असलं तरी बाइट बाय बाइट तेच नसतं. मधल्या मोकळ्या जागा जातात, लांबी बदलते, आणि बॉडीवर सही केलेली असेल तर ती जुळत नाही. त्यातून कंटेंट-लेंग्थ मोजताना स्ट्रिंगची लांबी घेतली की इंग्रजी मजकुरावर सगळं चालतं आणि मराठी नाव आलं की जेसन मध्येच तुटतं, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. मोजायचे ते बाइट. आणि फाइल अपलोडची मल्टिपार्ट बॉडी तर पुन्हा बनवायच्या फंदात पडूच नका, ती वाहू द्या.

पिंपळपान

पीएचपीवाल्यांसाठी भर: बॉडी जशी आली तशी वाचायला आपण पीएचपी-इनपुट हा प्रवाह वापरतो. मल्टिपार्ट फॉर्मच्या बाबतीत तो रिकामा येतो, कारण पीएचपीने आधीच फाइल्स वेगळ्या करून ठेवलेल्या असतात. एन्एबल-पोस्ट-डेटा-रीडिंग ही सेटिंग बंद केली तरच मूळ बॉडी हाती लागते.

काजवा

@उंबरठा, अगदी तेच होतं. जेसन पार्सर सगळ्यात वर होता. रूट वर नेला, पोस्ट जायला लागली, अपलोडही. मनापासून आभार.

आता पुढचं. एका रूटमध्ये उत्तरात थोडा बदल करायचा असतो, म्हणून तिथे लायब्ररी न वापरता फेच (रिक्वेस्ट करणारं तयार फंक्शन) घेऊन स्वतः लिहिलंय. नव्या सर्व्हरला रिक्वेस्ट करतो, आलेले सगळे हेडर्स रिस्पॉन्सवर लावतो, बॉडी पाठवतो. क्रोम म्हणतो कंटेंट डिकोडिंग फेल्ड. बॉडी लॉग करून पाहिली तर व्यवस्थित वाचता येतेय.

उंबरठा

वाचता येतेय हाच पुरावा. ब्राउझरने आपल्याला जीझिप (मजकूर आवळण्याची पद्धत) चालतं असं कळवलं, ते तुम्ही पुढे पाठवलं, नव्या सर्व्हरने उत्तर आवळून दिलं. फेचने ते तुमच्या नकळत उलगडलं. पण कंटेंट-एन्कोडिंग हा हेडर तसाच राहिला आणि तुम्ही तो ब्राउझरला दिला. आता ब्राउझर साध्या मजकुराला जीझिप समजून उलगडायला जातोय. हा हेडर काढा आणि त्याच्यासोबत कंटेंट-लेंग्थही काढा, कारण ती आवळलेल्या बॉडीची आहे. किंवा नव्या सर्व्हरकडे मागतानाच ॲक्सेप्ट-एन्कोडिंगमध्ये आयडेंटिटी पाठवा. अंतर्गत नेटवर्कवर आवळून फारसा फायदा नसतो.

पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत हेच होतं: कंटेंट उलगडलेला मिळतो, रॉ मिळतो तो मूळ. गो भाषेतला क्लायंट जास्त शहाणा आहे. जीझिप त्याने स्वतः मागितलेलं असेल तर उलगडून दोन्ही हेडर्स काढून टाकतो, तुम्ही मागितलेलं असेल तर हातही लावत नाही.

पण हा एक हेडर काढून थांबू नका, कारण 'आलेले सगळे हेडर्स लावतो' हीच पद्धत अडचणीत आणते. इथे दोन वेगळी कनेक्शन्स आहेत. ब्राउझर ते तुम्ही हे एक, तुम्ही ते नवा सर्व्हर हे दुसरं. एकात तुम्ही सर्व्हर आहात, दुसऱ्यात क्लायंट. काही हेडर्स मजकुराबद्दल असतात, ते पुढे जायला हवेत. काही फक्त त्या एका कनेक्शनबद्दल असतात, ते तिथेच संपले पाहिजेत. कनेक्शन, कीप-अलाइव्ह, ट्रान्सफर-एन्कोडिंग, टीई, ट्रेलर, अपग्रेड, प्रॉक्सी-ऑथरायझेशन आणि प्रॉक्सी-ऑथेंटिकेट ही १९९९ च्या आरएफसी २६१६ (एचटीटीपीचा तेव्हाचा प्रमाण दस्तऐवज) मधली यादी आजही पाठ असावी. शिवाय कनेक्शन हेडरच्या आत ज्या हेडर्सची नावं असतील तेही काढायचे. २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये हा नियम आहे.

हा शेवटचा नियम किती खोल जातो त्याचं एक उदाहरण. गोच्या तयार रिव्हर्स प्रॉक्सीमध्ये डिरेक्टर नावाचं फंक्शन होतं, त्यात आपण आपले हेडर्स जोडायचो. पण कनेक्शनमध्ये नाव असलेले हेडर्स काढण्याचं काम त्यानंतर व्हायचं. म्हणजे बाहेरच्या माणसाने कनेक्शन हेडरमध्ये तुमच्याच हेडरचं नाव लिहिलं की तुम्ही जोडलेला हेडर गळून पडायचा. तो वापरकर्त्याची ओळख सांगणारा हेडर असेल तर विचार करा. गो १.२० मध्ये, २०२३ साली, यासाठी रीराइट हे नवं फंक्शन आलं, ते काढण्याचं काम झाल्यावर चालतं. इतक्या वापरातल्या लायब्ररीत हे राहून जातं, तर घाईघाईत लिहिलेल्या पन्नास ओळींत काय काय राहत असेल! म्हणून शक्य तिथे तयार प्रॉक्सी लायब्ररी वापरा हे मी कळकळीने सांगतो.

कंटेंट-लेंग्थ आणि ट्रान्सफर-एन्कोडिंग दोन्ही एकाच रिक्वेस्टमध्ये आले तर ती सरळ ४०० देऊन नाकारा. बॉडी कुठे संपते यावर दोन सर्व्हरांचं एकमत नसलं की एका रिक्वेस्टच्या पोटात दुसरी लपवता येते. रिक्वेस्ट स्मगलिंग म्हणतात ते हेच. २००५ पासून माहीत आहे आणि अजून सापडतं.

रानवारा

वरचं सगळं वाचून मला एकच विचारायचंय. बाइट वाहायचं काम ॲपच्या कोडमध्ये का? एन्जिनएक्स हा प्रॉक्सीचं काम करणारा वेब सर्व्हर पुढे ठेवा. त्यात ऑथ-रिक्वेस्ट मॉड्यूल आहे: प्रत्येक रिक्वेस्टसाठी एन्जिनएक्स आधी तुमच्या जुन्या ॲपला आत एक छोटी रिक्वेस्ट करतो, बॉडीशिवाय. ॲपने २०० च्या घरातलं उत्तर दिलं की मूळ रिक्वेस्ट नव्या सर्व्हरकडे जाते, ४०१ किंवा ४०३ दिलं की तिथेच थांबते. परवानगी तुमच्या कोडमध्येच राहते, वाहतूक मात्र ज्याला ते काम येतं त्याच्याकडे. पार्सर, जीझिप, हेडर्स, यातला एकही प्रश्न उरत नाही.

काजवा

@रानवारा, विचार केला होता. अडचण अशी की काही ग्राहकांचे अहवाल अजून जुन्या कोडवरच आहेत, काहींचे नव्यावर. कोण कुठे हे डेटाबेसमध्ये आहे आणि रोज बदलतंय. शिवाय त्या एका रूटमध्ये उत्तर बदलायचंय.

पारवा

पहिल्या अडचणीवर उपाय आहे. रिक्वेस्ट नेहमीसारखी ॲपकडे येऊ द्या. ॲपने डेटाबेस बघून ठरवायचं आणि नव्या सर्व्हरकडे पाठवायची असेल तर बॉडी नसलेल्या उत्तरात एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट हेडर द्यायचा, त्यात एन्जिनएक्सच्या एका अंतर्गत लोकेशनचा मार्ग. एन्जिनएक्स तो हेडर स्वतःसाठी वाचतो, ब्राउझरला दाखवत नाही, आणि त्या लोकेशनवरून नव्या सर्व्हरचं उत्तर आणून देतो. हे मी गेटसाठीच वापरेन, कारण त्या आतल्या उडीत पद्धत बदलून गेट होते. मोठे अहवाल डाउनलोड करण्यासाठी याहून चांगलं काही नाही. पोस्ट कोडमधून जाऊ द्या.

उत्तर बदलायचं असेल तिथे कोड लागणारच, त्यात वाद नाही.

रानवारा

पटलं. मग मोठ्या उत्तरांबद्दल एवढं पाळा की पूर्ण बॉडी मेमरीत घेऊ नका. एका वेळी दहा जणांनी मोठा अहवाल मागितला की ॲप झोपतं आणि त्याच्यासोबत लॉगिनही. येईल तसं पुढे ओता. नोडमध्ये नुसत्या पाइपपेक्षा स्ट्रीमचं पाइपलाइन फंक्शन घ्या. पाइपमध्ये एक टोक तुटलं तरी दुसरं आपोआप बंद होत नाही, पाइपलाइनमध्ये होतं. वापरकर्त्याने टॅब बंद केली की नव्या सर्व्हरवरची रिक्वेस्टही रद्द झाली पाहिजे, नाहीतर कोणालाच नको असलेला अहवाल तो बनवत राहील.

चकोर

डॉटनेटमध्ये हेच करणाऱ्यांनी एक गोष्ट आजच तपासावी, फार गंभीर आहे. प्रत्येक रिक्वेस्टला नवा एचटीटीपीक्लायंट बनवला की सॉकेट्स (नेटवर्क जोडणीची टोकं) टाइम-वेट, म्हणजे बंद झाल्यावरच्या प्रतीक्षेच्या, अवस्थेत साचत जातात आणि शेवटी संपतात. त्यावर उपाय म्हणून सगळे एकच क्लायंट सर्वांसाठी वापरतात, ते योग्यच. पण त्याच्या हँडलरमध्ये यूज-कुकीज हा पर्याय मुळात चालू असतो. नव्या सर्व्हरने पहिल्या वापरकर्त्याला दिलेली सेशन कुकी हँडलर स्वतःच्या डब्यात ठेवतो आणि दुसऱ्या वापरकर्त्याच्या रिक्वेस्टसोबत पाठवतो. एकाचा अहवाल दुसऱ्याला! एकट्याने चाचणी केली तर हे कधीच दिसत नाही. यूज-कुकीज बंद, ॲलो-ऑटो-रिडायरेक्टही बंद. रिडायरेक्ट ब्राउझरपर्यंत पोचला पाहिजे, मधल्यामध्ये गिळला जाऊ नये.

हाताने लिहिण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं यार्प हे प्रॉक्सीचं टूलकिट वापरा. २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्यात पूर्ण रिव्हर्स प्रॉक्सी नको असेल तर फक्त एक रिक्वेस्ट फॉरवर्ड करायची सोयही आहे, आणि कुकीज व रिडायरेक्ट बंद ठेवून क्लायंट कसा बनवायचा याचं उदाहरण त्यांच्या दस्तऐवजात दिलेलं आहे.

काजवा

रिडायरेक्टवरून आठवलं. नवा सर्व्हर अहवाल सेव्ह झाल्यावर ३०२ देतो आणि लोकेशनमध्ये स्वतःचा अंतर्गत पत्ता लिहितो. ब्राउझर तिकडे जातो आणि पान उघडत नाही.

उंबरठा

नव्या सर्व्हरला बाहेरचा पत्ता माहीत नाही, म्हणून तो स्वतःचा लिहितो. एक तर लोकेशन हेडर परत देताना बदला, अपाचेमध्ये प्रॉक्सीपास-रिव्हर्स हेच करतं. किंवा त्याला बाहेरचा पत्ता कळवा: एक्स-फॉरवर्डेड-होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो आणि एक्स-फॉरवर्डेड-फॉर. फॉरवर्डेड नावाचा प्रमाण हेडर २०१४ च्या आरएफसी ७२३९ मध्ये आहे, पण फ्रेमवर्क्स अजून जुन्या तिघांनाच जास्त ओळखतात. मी दुसरा मार्ग घेईन, कारण पत्ता फक्त लोकेशनमध्ये नसतो, ईमेलमधल्या लिंकमध्ये आणि पानातल्या जोडण्यांमध्येही असतो.

होस्ट हेडरचं काय करायचं हे विचारपूर्वक ठरवा. नवा सर्व्हर एकाच आयपीवर अनेक साइट्स चालवत असेल तर त्याला स्वतःचंच नाव लागतं, ब्राउझरचं होस्ट पाठवलं तर भलतीच साइट किंवा ४०४ मिळेल. तुमच्या लायब्ररीत त्यासाठी चेंज-ओरिजिन पर्याय आहे.

कुकीचंही बघा. नव्या सर्व्हरने स्वतःचं डोमेन लिहून कुकी दिली तर ब्राउझर ती नाकारेल, तो भाग काढावा लागेल. आणि सेट-कुकी अनेक असतील तर त्या स्वल्पविरामाने जोडून एक करू नका. एक्स्पायर्सच्या तारखेत स्वतःचाच स्वल्पविराम असतो, मग त्या वेगळ्या करता येत नाहीत. फेचमध्ये गेट-सेट-कुकी वापरलं की यादी मिळते.

पिंपळपान

माझाही एक प्रश्न. आमच्याकडे फॉरवर्ड करायचे सर्व्हर बरेच आहेत. पुढच्या सर्व्हरचा पत्ता क्वेरीमधूनच घेतला तर प्रत्येकासाठी रूट लिहावा लागणार नाही. लॉगिन तर आहेच.

पारवा

नको. अगदी नको. लॉगिन असलं तरी नको.

तुमचा सर्व्हर अंतर्गत नेटवर्कमध्ये आहे, बाहेरचा माणूस नाही. पत्ता त्याच्या हातात दिला की तो तुमच्या सर्व्हरच्या तोंडून अंतर्गत नेटवर्कशी बोलतो: डेटाबेसचं ॲडमिन पान, दुसऱ्या टीमची सेवा, आणि क्लाउडवर असाल तर १६९.२५४.१६९.२५४ हा मेटाडेटाचा पत्ता, जिथून मशीनच्या नावे दिलेल्या तात्पुरत्या चाव्या मिळतात. २०१९ मध्ये कॅपिटल वनमधून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली, ती अशाच रस्त्याने मिळवलेल्या चाव्यांनी. त्याच वर्षी ॲमेझॉनने मेटाडेटासाठी टोकन मागणारी दुसरी आवृत्ती आणली. २०२१ च्या ओवॅस्प टॉप टेनमध्ये (वेब सुरक्षेतल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी) या प्रकाराला, म्हणजे सर्व्हरकडून भलत्या पत्त्यावर रिक्वेस्ट करवून घेणाऱ्या एसएसआरएफला, स्वतंत्र जागा मिळाली.

पत्त्यात अमुक शब्द असेल तर नाकारा असली तपासणीही टिकत नाही. एकच आयपी अनेक तऱ्हांनी लिहिता येतो. तपासताना नाव एका आयपीकडे जातं आणि प्रत्यक्ष जोडताना दुसऱ्याकडे, असं डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) कोणीही उभं करू शकतं. क्वेरीतून घ्यायचीच तर छोटी किल्ली घ्या, आणि तिचा पत्ता तुमच्या कॉन्फिगमधल्या ठरलेल्या यादीतून काढा. एक रूट, कितीही सर्व्हर, तुमचं काम होतं.

उलट दिशेचंही तितकंच महत्त्वाचं. नवा सर्व्हर तुमच्या ॲपने लावलेल्या, वापरकर्त्याची ओळख सांगणाऱ्या हेडरवर विश्वास ठेवणार असेल, तर ब्राउझरकडून आलेला त्याच नावाचा हेडर आधी काढून टाका आणि मगच स्वतःचा लावा.

पिंपळपान

यादीचा मार्ग घेतो. कळकळीने लिहिलंत, आभार.

काजवा

सगळं चालू झालंय, एक सोडून. मधूनच एखादी रिक्वेस्ट ५०२ (पुढच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही) देते, लॉगमध्ये ईकॉनरीसेट, म्हणजे समोरून जोडणी तुटली. नव्या सर्व्हरवर त्या वेळी काहीच नोंद नाही. गर्दी कमी असतानाच जास्त होतं. पुन्हा पाठवण्याची सोय कोडमध्येच करून टाकू का?

उंबरठा

गर्दी कमी असताना होतं यावरून कळतं. तुमची प्रॉक्सी कनेक्शन उघडं ठेवते आणि पुन्हा वापरते. नवा सर्व्हरही नोडचाच असेल तर रिकामं कनेक्शन तो मुळात ५ सेकंदांनी बंद करतो. तो बंद करत असतानाच तुमची रिक्वेस्ट त्यावरून निघाली की ती कोणाकडेच पोचत नाही. नव्या सर्व्हरवर कीप-अलाइव्ह-टाइमआउट वाढवा, तुमची प्रॉक्सी रिकामं कनेक्शन जितका वेळ ठेवते त्यापेक्षा जास्त. कनेक्शन नेहमी मागणाऱ्याने आधी सोडावं.

पुन्हा पाठवायचं असेल तर फक्त गेट आणि हेड. पोस्ट पोचली आणि उत्तर वाटेत हरवलं, की पोचलीच नाही, हे तुमच्या बाजूने सांगता येत नाही. पोचली असेल तर तोच अहवाल दोनदा सेव्ह होईल. एन्जिनएक्सनेही १.९.१३ पासून एकदा निघालेली पोस्ट आपणहून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणं बंद केलं. पोस्टही पुन्हा पाठवायचीच असेल तर प्रत्येक रिक्वेस्टला ब्राउझरकडूनच एक क्रमांक द्या आणि नव्या सर्व्हरला तो क्रमांक लक्षात ठेवायला लावा, म्हणजे दुसऱ्यांदा आल्यावर तो आधीचंच उत्तर देईल.

टाइमआउट दोन वेगळे ठेवा. जोडणीचा छोटा, अंतर्गत नेटवर्कवर एकदोन सेकंदही पुष्कळ. उत्तराचा मोठा, अहवालाला लागेल तितका, पण तुमच्या पुढे जे काही उभं आहे त्याच्यापेक्षा कमी. एन्जिनएक्सचा वाचण्याचा टाइमआउट मुळात ६० सेकंद असतो. तुमचा त्याहून मोठा असेल तर ५०४ (वेळेत उत्तर आलं नाही) तो देईल आणि तुमच्या लॉगमध्ये कारणच सापडणार नाही.

काजवा

नवा सर्व्हर नोडचाच आहे. कीप-अलाइव्ह वाढवला, पोस्ट पुन्हा पाठवण्याचा विचार सोडला. ५०२ आणि ५०४ वेगळे नोंदवायलाही लागलोय. पण एकाच रिक्वेस्टच्या दोन्हीकडच्या नोंदी जुळवायच्या कशा?

रानवारा

जुन्या ॲपमध्ये शिरतानाच प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी द्या, एक्स-रिक्वेस्ट-आयडी हेडरमधून पुढे पाठवा आणि दोन्ही ॲपच्या लॉगच्या प्रत्येक ओळीत छापा. ब्राउझरला जाणाऱ्या उत्तरातही तो असू दे, म्हणजे तक्रार करणारा तोच आयडी तुम्हाला कळवू शकेल.